फागूनं भाजलेला राब

एसटी पोशेऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर थांबली तेव्हा नवसूचं डोकं अगदी ठिकाणावर होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकून कोणाला वाटायचं की हा माणूस भिवंडीच्या वीटभट्टीवरूनच तापून निघाला होता. तसं काही नव्हतं. दिवाळी झाल्यावर भट्टीवर गेलेली माणसं वैशाखात घरी परततात तेव्हा त्यांना आपला डोंगरही गोड दिसतो आणि आपल्या पाड्यावरचं कुत्रंही. नवसू खाली उतरला, बायको जयवंतीच्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं चढवून दिलं, ताडपत्रीची वळकटी आपल्या खांद्यावर घेतली आणि चक्क हसला. दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यातलं ते त्याचं शेवटचं हसू.

कारण फाट्यावरच्या आंब्याखाली काळ्या बसला होता. काळ्याला शेत होतं, पण त्याचं लक्ष कायम दुसऱ्याच्या शेतात. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली, सगळं याच्याकडं आधी पोचायचं आणि मग घरच्यांना कळायचं.

"आलास का नवसू? बरा आलास," काळ्या म्हणाला. "तुझ्या शेतात फागूनं राब भाजलाय. आठ दिस झाले. यंदा पेरतोय तोच वाटतं."

झालं. नवसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जो या डोंगरातला नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. इथं भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप उगवायचं तर आधी जमिनीचा एक तुकडा भाजून घ्यावा लागतो. शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या झाडाचे टहाळ, वर पातेरा म्हणजे गळलेला पाला, गवत, आणि सगळ्यावर बारीक माती. वारा पडलेला बघून एका कडेनं पेटवायचं. तो राब. तिथं रोपं होतात आणि पावसात ती उपटून खाचरांत लावतात. आणि ज्यानं राब भाजला तोच तिथं पेरणार, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्याच्या जागेत राब भाजणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवून त्याच्याच घरात ठाण मांडणं. असा उद्योग वैरीसुद्धा सहसा करत नाही.

आणि हा तर सख्खा भाऊ होता. धाकटा.

नवसूनं वळकटी सोडली, आतून कोयता काढला, वळकटी तशीच रस्त्यात टाकली आणि चालायला लागला. जयवंतीनं वळकटी उचलून बोचक्यावर ठेवली आणि मागोमाग निघाली. काळ्याला सोबत यायची फार इच्छा होती. जयवंतीनं मागं वळून त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा आंब्याखाली बसला.

वाटेत नवसूच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. त्यातल्या बऱ्याच गोष्टी इथं लिहिण्याजोग्या नाहीत. लिहिण्याजोगी एकच होती आणि ती तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"आईला जाळलं माझ्याविना. आथा जमीन बी जाळली."

या दोघा भावांचं वैर जुनं नव्हतं, दोन वर्षांचंच होतं, पण मुळाशी आई होती. त्या साली नवसू आणि जयवंती भट्टीवर असताना शिमग्याच्या आधी म्हातारी वारली. ती फागूकडं राहायची. तिला अग्नी दिला फागूनं, पाण्याचे विधी केले फागूनं, आणि थोरल्या लेकाला साधा निरोप नाही. नवसू उन्हाळ्यात परतला तर आईची खाट अंगणात उलटी टाकलेली. खाटेवरूनच त्याला कळलं. मग त्यानं फागूच्या दारात जाऊन जो गोंधळ घातला तो सगळ्या पाड्यानं पाहिला. नागलीनं भरलेली कणगी कोयत्यानं उभी चिरली. नागली सगळ्या अंगणात सांडली, कोंबड्या धावून आल्या. फागू एक अक्षर बोलला नाही. पाड्यातलंही कोणी नवसूच्या बाजूनं बोललं नाही. जो तो मान वळवून आपापल्या घरात गेला. नवसूनं तेव्हाच ठरवलं की सगळा पाडा फागूला फितूर आहे. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नाही.

शेताच्या बांधावर पोचल्यावर काळ्याचं बोलणं खरं निघालं. वरच्या अंगाला, जिथं नवसू दरसाल राब करी, तिथंच काळा चौकोन पडला होता. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. नवसूनं एक फांदी लाथेनं उडवली, राखेत पाय घातला, आणि पायाला ओरखडे आले म्हणून फागूला आणखी दोन शिव्या घातल्या.

"आज त्याचं मुंडकंच उतरवतो," तो म्हणाला, आणि फागूच्या घराच्या दिशेनं वळला.

जयवंतीनं बोचकं खाली ठेवलं. ती ओरडली नाही, रडली नाही, आडवी पडली नाही. असलं काही केलं की नवसूला अधिकच चेव येतो, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. तिचा बाप वावर गावचा. तिथल्या भांडणांत लोक त्याला पंच म्हणून बसवत, आणि तो बाजू मांडणाऱ्याला एकच विचारी, तू पायलंस का? पोरगीही त्याच वळणावर गेली होती.

"जा," ती म्हणाली. "उतरव मुंडकं. पण कशासाठी उतरवलं ते मला सांगून जा. फौजदार मला विचारंल."

"जमीन बळकावली म्हणून!"

"हे पायलंस?"

"हा काय समोर!"

"समोर राख हाय. भाजलंय एवढं दिसतंय. बळकावलं हे कथं दिसतंय?"

"काळ्या बोलला ना, यंदा तोच पेरतोय!"

"पाऊस पडला का?"

"नाय."

"मंग पेरताना काळ्यानं पायलं कसं? 'वाटतं' बोलला तो. मी बी कान देऊन ऐकलंय. त्याला वाटलं आणि तू कोयता काढलास."

नवसूनं दात-ओठ खाल्ले. बायको बरोबर बोलत असली की माणसाला जो राग येतो तो वेगळ्या जातीचा असतो. तो कोणावर काढता येत नाही.

"मंग हे कुंपण?" तो ओरडला. "गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण घातलंय. आपलं समजल्याबिगर कोण घालतो?"

यावर जयवंती थांबली. खरंच थांबली. तिनं मान हलवली.

"हे बरोबर बोललास. बळकावणारा बी कुंपण घालंल, आणि तुझी राख जपणारा बी घालंल. यातून काय कळत नाय. ते सोड. आथा वाफा बघ. केवढा हाय?"

"नेहमीएवढा."

"आपल्या नेहमीएवढा. फागूची खाचरं आपल्या दुप्पट. त्याला स्वतःसाठी भाजायचा असता तर एवढ्यात भागलं असतं का? वरची मोकळी जागा पडलीय ना अजून."

नवसूनं वाफ्याकडं पाहिलं. वाफा खरोखरच त्याच्या मापाचा होता. कोपरेही तेच. खालच्या कोपऱ्यात एक खडक वर आलेला आहे, तिथं नवसू दरसाल राब थोडा आत घेई, पोकळी राहू नये म्हणून. इथंही तो तसाच आत घेतलेला होता. हे पाहून त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट त्याचा राग आणखीच चढला.

"चल," जयवंती म्हणाली, "त्याचा वाफा बघू."

फागूचं शेत बांधापलीकडंच होतं. दोन वर्षं नवसूनं तिकडं मान वळवून पाहिलं नव्हतं, हट्टानं. आता तो बांधावर चढला आणि त्यानं पाहिलं.

फागूचा वाफा अर्धाच भाजलेला होता. अर्ध्यात काळी राख, अर्ध्यात कोरडी तांबडी माती. कडेला ना टहाळाचा ढीग, ना पातेऱ्याचा. पुढं भाजायचं असतं तर सामान रचून ठेवलं असतं. सामान संपलं होतं.

कोणी काही सांगायची गरज नव्हती. जन्मभर राब केलेल्या माणसाला हे एका नजरेत कळतं. डोंगरात आता पूर्वीसारखा टहाळ मिळत नाही, एका घराचा राब गोळा करता करता पाठ मोडते. फागूनं एका घराचं सामान दोन घरांत वाटलं होतं. स्वतःचा अर्धा वाफा उपाशी ठेवून.

"बघितलंस?" जयवंती म्हणाली.

"बघितलं!" नवसू इतक्या मोठ्यानं ओरडला की खालच्या झाडावरचे पोपट उडाले. "मला भीक घातली त्यानं! भिकारी समजतो मला? माझा राब भाजायला मी मेलो काय? कोणाला विचारून भाजला?"

आता मात्र जयवंतीचाही तोल गेला. दिवसभराचा एसटीचा प्रवास, उपाशी पोट, डोक्यावरचं ओझं, सगळं एकदम वर आलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"मघा चोर होता तो. आथा भीक घालणारा झाला. चोर होता तवा तुला जेवढा राग होता तेवढाच आथा बी हाय. एका दाण्यानं कमी नाय! अरे, कारण बदललं तर राग नको का बदलायला? नाय बदलला, म्हणजे हा राग राबाचा नायच. राबाला उगाच पुढं केलंस. कशाचा हाय ते बोल एकदाचं!"

नवसूनं तोंड उघडलं. शिवी तयार होती, पण ती कोणाला द्यायची ते कळेना. तो मटकन बांधावर बसला. कोयता बाजूला पडला.

"मला आईचं तोंड बघाया नाय मिळालं," तो म्हणाला. आवाज चिरका आला आणि त्याचाही त्याला राग आला. "थोरला मी. निरोप धाडला नाय मला. एक माणूस धाडला नाय."

जयवंती त्याच्या शेजारी बसली. आता ती हळू बोलत होती, पण बोलायची थांबली नव्हती. सुरू केलेलं काम अर्ध्यात सोडायची तिला सवय नव्हती.

"धाडला नाय, हे कशावरनं?"

"मला मिळाला नाय, त्यावरनं!"

"मिळाला नाय एवढं तुझं. धाडला नाय हे त्याचं. मधला रस्ता आपण पायलाय का? माणूस निघाला असंल, पोचला नसंल. कथं धाडायचा होता निरोप?"

"कथं म्हणजे? भट्टीवर."

"कंच्या भट्टीवर?"

हे तिनं विचारलं ते सहज, पुढचं वाक्य जोडायला म्हणून. आणि विचारल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.  नवसूनं तिच्याकडं पाहिलं.

त्या साली ते घरी सांगून गेले होते भिवंडीच्या भट्टीवर. पण पौषात नवसूचं मुकादमाशी वाजलं. मुकादमानं आईवरून शिवी दिली, नवसूनं थापायला घेतलेला चिखलाचा गोळा त्याच्या तोंडावर हाणला. साऱ्या भट्टीदेखत. दोघं भर दुपारी तिथून निघाले आणि पार वसईकडं, दुसऱ्याच एका भट्टीवर लागले. तेव्हा फोन होते ते शेठ लोकांच्या कमरेला. घरी कळवावं असं त्यांच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी कळवणार कसं होते? ती चिखलाची गोष्ट नवसू पुढं भट्टीवरच्या कितीतरी जणांना रंगवून सांगत असे. मुकादमाचं तोंड कसं झालं होतं ते करून दाखवत असे. लोक पोट धरून हसत.

"हे मी बी आजवर जोडलं नव्हतं," जयवंती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी बी तथंच होते की."

नवसूचं डोकं शांत झालं. पण ही शांतता त्याला सुखाची वाटेना. इतका वेळ रागाच्या आवाजात जे ऐकू येत नव्हतं ते आता स्पष्ट ऐकू यायला लागलं.

"पण धाडला असंल, असं बी दिसत नाय," तो अखेर म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती. फागू दोषी निघावा, अशी ती आशा होती.

"नाय दिसत. ते एकालाच ठावं. जा, विचार."

तो उठला. कोयता बांधावरच राहिला आणि त्याला त्याची आठवणही झाली नाही.

फागू अंगणात पावसाळ्यासाठी इरलं विणत बसला होता. नवसूला येताना पाहून त्याची बायको माघी धावत पुढं आली आणि कणगीच्या आडवी उभी राहिली. तिला दुसरं काय सुचणार? फागू जागचा हलला नाही. हातातली बांबूची कामटी तेवढी त्यानं घट्ट धरली.

"आईच्या वख्ताला," नवसू म्हणाला, "तू भट्टीवर आला होतास का?"

फागूनं कामटी खाली टाकली. मग तो उठला. दोन वर्षं हा माणूस गप्प होता, म्हणून लोक त्याला गरीब समजत. नवसूही समजत होता. ते किती चुकीचं होतं हे त्या अंगणात त्या दिवशी कळलं.

"दोन वरसांनी विचारतोस?" फागूचा आवाज थरथरत होता, आणि ती थरथर भीतीची नव्हती. "आधी कणगी फोडलीस, आणि दोन वरसांनी विचारतोस? आलो होतो! आई पडली तवाच निघालो तुला आणाया. तिच्यात जीव होता अजून. भट्टीवर गेलो, तुझं नाव घेतलं, तर मुकादमानं माझी गचांडी धरली. बोलला, तो चिखल मारून पळाला, तू त्याचा भाऊ ना, मंग त्याचं काम तूच भर. दोन दिस माती तुडवली मी तुझ्या जागी! हात जोडले, बोललो आई मरते माझी. बोलला, सगळेच बोलतात. मुकादम झोपला तवा पळालो. घरी आलो तर आई गेलेली. फक्त लाकडं रचायची राहिली होती."

फागू एक पाऊल पुढं आला.

"पाड्यात विचारलं, थोरला कथं? काय सांगू? पळाला, सापडत नाय, असं सांगू? सांगितलं, शेठनं सोडलं नाय त्याला. तुझी अब्रू राखली मी! आणि तू आलास तो कोयता घेऊन. सांगाया तोंड उघडलं तवर नागली अंगणात सांडली होती. मंग बोललो, जा. मर. नाय सांगत."

पाड्यानं तेव्हा मान का वळवली, हे नवसूला आता कळलं. त्यांच्या लेखी निरोप पोचला होता. आई मेलेली ठाऊक असून न आलेला लेक वर भावालाच शिव्या देत होता.

"आणि मंग राब?" नवसूनं विचारलं.

"तो तुझ्यासाठी नाय भाजला! माझ्यासाठी भाजला! गेल्या साली तू उशिरा आलास, राब नाय, रोप नाय, आणि परक्या पाड्यांवर रोपं मागत फिरलास. माझ्या दारात नाय आलास. लोक मला बाजारात विचारत होते, भाऊ दारोदार फिरतोय, तू जिता हायस का रे? लाज मला वाटली. तुला कथं वाटते!"

एवढं बोलून फागूला धाप लागली. एरवी इतकं ऐकून घ्यायला नवसू थांबला नसता. अर्ध्या आयुष्यात त्यानं कोणाला इतकी वाक्यं सलग बोलू दिली नव्हती.

"बोल ना आथा!" फागू ओरडला. "रोज तोंड चालतं ना तुझं!"

"तू बोल," नवसू म्हणाला. "अजून बोल. ऐकतो मी."

फागूनं आणखी एक सणसणीत शिवी तोंडात आणली होती. पण कणगीपाशी उभ्या असलेल्या माघीनं मधेच तोंड उघडलं. घरात ते दोन दिवस म्हातारीजवळ तीच एकटी बसली होती, आणि या दोन वर्षांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"सासू माझ्याजवळ गेली," ती म्हणाली. "दाराकडंच बघत होती सारखी. मी बोलले, येतील आथा. तर बोलली, दोघं निघाले असतील ग. वाटंत भांडत असतील, म्हणून उशीर होतोय. येतील. त्यांना जेवायला ठेव."

फागूची शिवी तोंडातच राहिली. जयवंती अंगणाच्या कडेला येऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. आणि ते दोघे भाऊ, एकमेकांपासून दोन हातांवर उभे, कितीतरी वेळ एकमेकांकडं बघू शकले नाहीत.